धुऱ्यावरची बाभूळ

आमच्या वावराच्या कोपऱ्यात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, मुरमाड जागा होती. तिथे तूरही धरत नसे. मी लहान असताना माझी तान्ही बहीण उन्हाळ्यात गेली, तिला त्या जागी पुरले. कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे रचायचे, ही आमच्याकडची रीत. त्या फांद्यांना वाळक्या शेंगा होत्या. पावसाळ्यात त्यांतले बी रुजले. पुढचे दोन उन्हाळे विहीर आटली, तरी ते रोप कोणी पाणी न घालता जगले. आई निंदायला गेली की डोक्यावरचे गाठोडे त्याच्याच सावलीत ठेवी.

मी अमरावतीला शाळेत होतो, तेव्हा दूर देशात कुठे लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी धुऱ्यापर्यंत नांगर नेला. गाड्या करायला बाभळी तोडल्या.

कार्तिकात मी घरी आलो, तर आमच्या गाडीचा आस मोडलेला आणि कापूस ओसरीपर्यंत भरलेला. बाप सुताराला घेऊन वावरात निघाला. आई मागोमाग गेली, मीही गेलो. बाभूळ पिवळ्या गोंड्यांनी भरली होती.

सुताराने बुंध्याला हात लावला. "पाटील, सरळ बाभूय हाये. आजच पाडतो."

"मी तिले हात लावू देत नाई," आई म्हणाली.

"वयनी, सारे तोडून राहिले. तुमीच काहून अडून बसल्या? पूजा करता का झाडाची?"

आई बापाकडे वळली. "तुमी बोला ना काही."

"भाव उतरला तं काय खाशीन?" बाप म्हणाला.

आई बुंध्याला टेकून खाली बसली. सुतार कुऱ्हाड घेऊन थांबला. बाप बराच वेळ मुरूम पायाने उकरत उभा होता. मग सुताराला म्हणाला, "राहू दे. पोरगी हाये तिथं."

त्या पोरीबद्दल बाप बोललेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आईनेही नसावा. 

"मंग आस कायचा करू? माह्या हाडाचा?" सुतार म्हणाला.

"गोठ्याचं आडं काढ. जुनी बाभूयच हाये ते."

छपराचे आडे निघाले, गोठा एका बाजूला बसला. कापूस बाजारात गेला. ते वर्षभर बैल त्या बाभळीखाली बांधले. श्रावण-भादव्यात त्यांच्या पाठी फुलांनी पिवळ्या होत. आई त्या झटकायची.

यंदा आई गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली. ती पूर्णा नदीत सोडायची असे ठरले होते. बापाने वाटेत गाडी वावराकडे वळवली, राखेतली एक मूठ बाभळीच्या बुडाशी टाकली आणि पुन्हा गाडीत येऊन बसला.