माझ्या नावाखालची पांढरी ओळ

गांगुर्डे सर काल गेले, आणि शाळेला त्यांचं सर्व्हिस रेकॉर्ड सापडत नाहीये.

सापडणार कसं? ते कधी ठेवलंच नव्हतं.

नव्वदच्या दशकात आमच्या गंगापूर रोडच्या शाळेत आले. सतरा वर्षं भूगोल शिकवला. दर एप्रिलअखेर कार्यमुक्त, दर जूनला स्वतःच्याच जागेसाठी पुन्हा इंटरव्ह्यू.

"अनुभव?"
"इथलाच, सर."

कमिटी दरवर्षी मान डोलवायची, जणू नवीनच माहिती मिळाली.

आम्ही कायम शिक्षक मस्टरवर सही करायचो. टेम्पररींसाठी शेजारी एक सुटा कागद. सत्र संपलं की कागद रद्दीत.

इलेक्शन ड्यूटी आली की मात्र हेच सर अचानक 'शासकीय कर्मचारी'. थेट सुरगाण्याच्या बूथवर.

एकदा वणीची एसटी उशिरा पोचली. सर धावत ऑफिसात शिरले आणि घाईत मस्टरवरच सही ठोकली. माझ्या नावाखालच्या रिकाम्या ओळीत.

तिसऱ्या तासाला हेडसरांनी बोलावलं.

"उद्या हे पान घेऊन कोर्टात गेलात तर, गांगुर्डे?"
"नाय हो सर. घाईत हात गेला."
"मग त्याच हातानं पुसा."

आणि व्हाइटनरची बाटली पुढे सरकवली.

मी तिथेच उभी होते. "राहू द्या की, सर." चार शब्द. माझ्या तोंडून एकही निघाला नाही.

बाहेर आल्यावर सर मलाच म्हणाले, "बाई, दोन तास मीपण कायम होतो. बरं वाटलं."

शेवटी त्यांची जागा मंजूर झाली. त्या जागेवर दुसऱ्या शाळेतले अतिरिक्त ठरलेले शिक्षक आले. नकाशे कुठल्या कपाटात असतात, ते सरांनीच त्यांना दाखवलं. मग घरी गेले.

आता मी तिथेच सुपरवायझर आहे. सकाळी क्लार्क शोकसभेचा ठराव घेऊन आला.

"मॅडम, रेकॉर्ड नाही. 'काही काळ शाळेशी संबंधित होते' असं टाकू?"

जुनी मस्टरं काढली. ते पान सापडलं. माझ्या नावाखाली पांढरा पट्टा. पान खिडकीशी धरलं, तर मागून सही अजून दिसते. उलटी, निळी, घाईतली.

"सतरा वर्षे लिही," म्हटलं. "कुणी पुरावा मागितला तर माझ्याकडे पाठव."

सर, आज उशीर माझा झाला.

नमस्कार.