कुकरात शिजलेलं इंजिन

माणसाने आकाशात झेप घ्यायचं स्वप्न पाहिलं, त्या दिवसापासून त्याच्या पंखांना काजळी धरत आली आहे. हे वाक्य मी एकदा मी शिकवतो त्या शाळेच्या स्मरणिकेत लिहिलं होतं आणि मुख्याध्यापकांनी ते स्नेहसंमेलनात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. वस्तुस्थिती अशी की पंखांना काहीही होत नाही. खराब होतं ते इंजिन, आणि त्यावर बसते ती काजळी नसून जळालेलं एरंडेल असतं.

मला छोटी विमानं उडवायचा नाद आहे. आमच्या कारंजा गावाबाहेर एक पडीक माळ आहे, तिथे. विमान दोन हात रुंद, इंजिन मोठ्या लिंबाएवढं. ते मिथेनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालतं. एरंडेल त्याला वंगण म्हणून लागतं, पण तापल्यावर ते इंजिनाच्या अंगावरच भाजून निघतं. दूध आटवताना पातेल्याला लागतं, तसा तपकिरी थर बसतो. खरवडावं तर धातूवर चरे पडतात. कॉस्टिक सोडा लावावा तर तो थराआधी अ‍ॅल्युमिनियम खातो. यावर जगभरच्या म्हाताऱ्या हौशी लोकांनी शोधलेला उपाय असा, की इंजिन गाडीच्या कूलंटमध्ये बुडवून मंद आचेवर काही तास उकडत ठेवायचं. थर आपोआप सुटतो म्हणतात.

बायको मुलीकडे पुण्याला गेली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच होतो: मी, बाबा आणि माय. मोडीत घालायचा म्हणून काढून ठेवलेला एक लहान कुकर माळ्यावर होता. मी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून हिरव्या कूलंटचा डबा आणला आणि मागच्या अंगणात वातीच्या स्टोव्हवर दर रविवारी इंजिन उकडू लागलो. थर सुटत नव्हता. त्या रविवारीही सुटला नाही. मी कूलंट परत डब्यात ओतलं, रिकामा कुकर मोरीजवळ ठेवला आणि केस कापायला गेलो.

परत आलो तेव्हा बाबा जेवून पाटावरून उठत होते. पोट बरं नव्हतं म्हणून मायनं त्यांच्यापुरती मुगाची खिचडी केली होती. तिचा स्वतःचा चतुर्थीचा उपास होता. ओट्यावर तो कुकर होता. लख्ख. त्यात तळाशी थोडी खिचडी उरली होती.

"माय, हा कुकर मोडीतला आहे ना?"

"होता. तू गेला अन् भांडेवाली आली. मोडीत द्याचं भांडंबी खरकटं देऊ नाई, म्हणून घासाले घेतलं. घासलं त असं निघालं! म्हटलं, एवढं चांगलं भांडं त्या बाईले कायले देऊ? नवं रबर टाकलं अन् लावली खिचडी."

आमच्या घराण्याच्या स्वच्छतेबद्दल मला कधीच तक्रार नव्हती. पण कूलंटमध्ये जे ग्लायकॉल असतं, ते थोडंसंही पोटात गेलं तरी किडन्या निकामी करू शकतं. बाबांची साखर जुनी आहे आणि किडन्यांबद्दल डॉक्टरांनी आधीच इशारा दिलेला आहे. मी मायला विचारलं, राखेनं घासला का, किती पाण्यानं धुतला, आतून घासला की बाहेरून. तिला वाटलं, मी तिच्या कामात खोड काढतोय. ती फणकारली. शेवटी मी बाबांना विचारलं, "खिचडी कशी लागली?"

बाबांनी साऱ्या संसारात मायच्या हाताला कधी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आज बरी झाली होती."

ग्लायकॉल गोड असतं, हे मी वाचलं होतं.

बाबांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी रिठदला शाळेत झाली. तिथे दारूचं दुकान बंद करायसाठी बायकांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीच्या प्रचार समितीचे ते अध्यक्ष होते. मतं बायकांनी दिली, दुकान बायकांनी बंद पाडलं आणि सत्कार बाबांचा झाला. पुढे आजूबाजूच्या गावांतही झाला. आमच्याकडे इतक्या शाली आहेत की मी इंजिन पुसायला त्यातलीच एक वापरतो. भाषणाची सुरुवात ते नेहमी "दारूचा एक थेंबही ज्याच्या ओठाला शिवला नाही, असा मी" अशी करत. ते खरंही होतं.

ऑटोत बसवून मी दोघांना दवाखान्यात नेलं, कूलंटचा डबाही सोबत घेतला. दाराशी काळ्या दगडाची कोनशिला होती आणि तीवर उद्घाटनाला आलेल्या सगळ्या माननीयांची नावं सोनेरी अक्षरांत होती. आत एकच डॉक्टर होता, तरुण, झोप अपुरी झालेला. त्याचं नाव दगडावर नव्हतं.

"काय झालं?"

"यांच्या पोटात कूलंट गेलं असावं."

"का प्यायले?"

"प्यायले नाहीत. खिचडीतून गेलं."

"खिचडीत कुणी घातलं?"

"कुणी नाही. त्या कुकरमध्ये मी इंजिन उकडत होतो."

"कसलं इंजिन?"

"विमानाचं."

त्याने क्षणभर आमच्या तिघांकडे पाहिलं. पेशंट नेमका कोण, याची त्याला खात्री करून घ्यायची असावी. मग मात्र त्याने वेळ घालवला नाही. सलाईन लावलं, रक्त नागपूरला पाठवायची सोय केली आणि आपल्या तिथल्या सरांना फोन लावला. बोलणं संपवून तो माझ्याकडे वळला तेव्हा जरा अवघडलेला होता. या विषावरचं इंजेक्शन जवळपास कुठेच मिळणार नव्हतं. पण दुसरा उतारा होता. दारू. ती पोटात असली की शरीर आधी तिच्या मागे लागतं आणि ग्लायकॉलला विष व्हायला सवड मिळत नाही. मोजून द्यायची, तो स्वतः देणार. फक्त आणून मी द्यायची.

दारूच्या दुकानात मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. गल्ल्यावरचा माणूस मला ओळखून उठूनच उभा राहिला. माझ्या वर्गातून गेलेल्या कुणाचा तरी बाप असावा.

"सर, तुमी? अन् बाबांले माहीत आहे का?"

"त्यांच्यासाठीच नेतोय."

त्याने बाटली कागदात गुंडाळली, वर दुसरा कागद लावला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. एवढ्या सहानुभूतीने माझ्याशी कुणी वागल्याचं मला आठवत नाही.

बाबांनी ओठ घट्ट मिटले. "मी नाई घेत."

"औषध आहे, बाबा."

"सगळे औषधच म्हणतेत. चाळीस वर्षं हेच ऐकून राह्यलो."

डॉक्टरने किडन्यांचं समजावलं. बाबांनी त्याला व्यसनमुक्तीवर दोन वाक्यं ऐकवली. पाया पडायचंच बाकी होतं. मग तेही केलं. शेवटी मायनं डॉक्टरच्या हातातला कप घेतला.

"हे पाहा, तुमी मेले त लोक म्हणतीन बायकोच्या खिचडीनं मेला. मले ते नाई ऐकाचं. घ्या गुपचूप."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि कप रिकामा केला. मग ठरल्या अंतराने दुसरा, तिसरा. नागपूरला जाणारा माणूस तिसऱ्या कपानंतर आला, तेव्हा डॉक्टरने रक्त काढून त्याच्याकडे दिलं.

त्यानंतरची दुपार मला कुणालाही द्यायची नाही. बाकावर बसून मी फोनवर त्या विषाची लक्षणं वाचत होतो. पहिलं लक्षण असं लिहिलं होतं: माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. मी खाटेकडे पाहिलं. बाबा दारू प्यायल्यासारखे वागत होते. जीभ जड झाली होती. ते पंख्याला उद्देशून सभेचं भाषण करत होते आणि मधेच मायला "ऐकून राह्यली ना?" विचारत होते. ती उपाशी पोटी खाटेची कड धरून उभी होती आणि दर वेळी "ऐकून राह्यली, बोला" म्हणत होती.

"डॉक्टर, हे विषाचं आहे की उताऱ्याचं?"

"मलाही सांगता येणार नाही."

बाबा हसले तर वाटायचं, विष डोक्यात गेलं. गप्प बसले तर वाटायचं, गेलंच. लिंबाएवढ्या धातूच्या तुकड्यावरचा एक डाग काढायसाठी मी बापाला मारलं, हे वाक्य डोक्यात सारखं तयार होत होतं आणि त्यात दुरुस्तीला जागा दिसत नव्हती. मी बाबांचा चाललेला श्वास पाहत होतो. छाती वर गेली की ती खाली येईपर्यंत माझी वर जात नव्हती.

डॉक्टरलाच मग काही सुचलं. त्याने डब्यातलं थोडं कूलंट तपासणीच्या लहान बाटलीत घेतलं, झाकण घट्ट लावलं आणि बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या फ्रीजरमध्ये टाकलं. म्हणाला, चांगलं कूलंट असेल तर त्याचा घट्ट बर्फ होणार नाही. थंडीत गोठू नये म्हणूनच ते बनवलेलं असतं.

संध्याकाळी त्याने मला आत बोलावलं आणि बाटली टेबलावर आपटली. टक्क असा आवाज आला. आत हिरवा बर्फ होता, आरपार घट्ट.

"पाणी आहे, सर. रंग घातलेलं. असलंच तर नावाला ग्लायकॉल असेल."

म्हणजे इतके रविवार मी ते इंजिन हिरव्या पाण्यात उकडत होतो. त्या दुकानदाराने मला फसवलं होतं आणि मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. मी बाहेर येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "मंग दारू फुकटचीच पाजली म्हणा," आणि तिने पदर तोंडावर घेतला. खाटेवर बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते.

डॉक्टरने तरी त्यांना ठेवून घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत तो घरी सोडायला तयार नव्हता आणि मीही न्यायला तयार नव्हतो. यथावकाश नागपूरहून कागद आला. त्यानुसार, बाबांच्या रक्तात दारूखेरीज काहीही आढळलं नाही.