सरदाराचा पणतू

टेक्सासमधल्या शुगर लँडला आमच्या शेजारी एक गोरा गृहस्थ राहायचा. त्याचं कुठलंही बोलणं ‘आमच्या घराण्यात’ने सुरू व्हायचं. पणजोबा फ्रान्समधल्या एका खेड्याचे सरदार होते, असं त्याचं म्हणणं. फ्रेंच मात्र त्याला नमस्कारापुरतंही येत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात त्याला कळलं, की त्या खेड्यात ऐतिहासिक वेशभूषेतल्या मिरवणुकीचा उत्सव बऱ्याच वर्षांनी पुन्हा भरतोय. त्याने लगेच निळा मखमली कोट शिवून घेतला आणि सवय व्हावी म्हणून टेक्सासच्या घामट उन्हात तो घालूनच लॉन कापू लागला.

“बाबा, ही इज क्रेझी,” माझी मुलगी खिदळायची. मी तिला दटावायचो. आमच्या मराठी मंडळींतही प्रत्येकाचा पणजोबा पेशव्यांच्या दरबारात असतोच.

तो फ्रान्सहून परतल्यावर मी कुंपणापाशी विचारलं, “कशी झाली मिरवणूक?”

“तिथल्या एका मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या म्हातारीने माझं आडनाव ऐकलं आणि ती हसतच सुटली. आम्ही म्हणे पिढ्यान्‌पिढ्या गावाची डुकरं राखायचो.”

“मग तो कोट?”

“बेकरीवाल्याला दिला. सरदार तो झाला.”

त्याने स्वतःचा फोटो पुढे केला. अंगात फाटका सदरा, पाय अनवाणी, हातातल्या दोरीला एक भलंमोठं डुक्कर.

तो मान ताठ करून म्हणाला, “भर मिरवणुकीत ते बिथरलं. अख्खं गाव त्याच्यामागे ओरडत होतं, पण त्याने ऐकलं फक्त माझं. रक्तातच असावं लागतं!”