उशाखालचं उघडं पातं

९ सप्टेंबर. नर्सरीवर निघण्याआधी चाकू पुसून त्याला तेल द्यायचं होतं. मुलीच्या खोलीत गेले, बाळाच्या उशाच्या गोधडीच्या घडीत हात घातला, आणि बोट पात्याला लागलं. कापलं नाही, नुसतं लागलं. चाकू उघडा होता.

आदल्या रात्री मीच तो मिटवून ठेवला होता. असं तिसऱ्यांदा होत होतं. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी अंथरूण झटकताना, आणि आता.

बाळ अकरा दिवसांचं होतं. मुठी वळून गाढ झोपलं होतं. त्याच्या कानापासून पातं चार बोटांवर, मध्ये गोधडीचा एक पदर. टोक खिडकीकडे. तिन्ही वेळा टोक खिडकीकडेच होतं.

बाळाच्या उशाशी लोखंड का ठेवतात, हे आमच्याकडे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. पाचवीच्या पूजेला पाटावर धारेचं हत्यार लागतं, तेच पुढे सव्वा महिना बाळाजवळ राहतं. विळा, सुरी, अडकित्ता, काहीही चालतं. माझा यावर विश्वास नाही आणि मी वादही घालत नाही. पाचवीला ऐनवेळी विळा सापडेना, तो दिंडोरीला नर्सरीवर राहिला होता. मी माझा चाकू पाटावर ठेवला. मिटणारा आहे, तेव्हा विळ्यापेक्षा बरा, असा विचार केला. चूक तिथेच झाली.

हा चाकू साधा नव्हे. भाच्याकरवी परदेशातून मागवलेला. नर्सरीतल्या बायकांना किंमत सांगितली तेव्हा एकजण म्हणाली, "एवढ्यात तर शेळी येती, अन् शेळी दूध बी देती." पण मी द्राक्षाची कलमं स्वतः भरते, आणि वर्षभर वापरून या चाकूची पुरती परीक्षा केली आहे. कलमाची काडी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासायची असते, एका ओढीत. दुसऱ्यांदा पातं फिरवलं की काप खडबडीत होतो आणि कलम धरत नाही. साध्या चाकूला सारखा दगड दाखवावा लागतो. हा सकाळची धार संध्याकाळपर्यंत सांभाळतो. हात ओला असला तरी मूठ निसटत नाही. उघडल्यावर पातं जरासुद्धा डुगडुगत नाही, खटका पक्का बसतो. खिशाला अडकवायची पट्टी मात्र भिकार आहे, शर्टाला भोकं पाडते. साडीवर मी कामाचा शर्ट घालते, त्याचे दोन खिसे तिने फाडले.

आणि तो उघडताना हाताला कळतसुद्धा नाही. पात्यावर छोटं बोंड आहे, त्याला अंगठा लावला की पातं आवाज न करता बाहेर येतं. कामात मी बायकांशी बोलत असते, काड्या निवडत असते, आणि चाकू कधी उघडला हे मला आठवत नसतं. यापेक्षा मोठा गुण नाही, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

त्या सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मी तो तपासला. मिटवून झटकला. आपटला. तोंड खाली करून हिसके दिले. गोधडीत गुंडाळून वरून कोपराने दाबला. हलला नाही. बिजागरीत खोट नव्हती. म्हणजे तो आपोआप उघडत नव्हता, कुणाचा तरी अंगठा लागत होता.

आधीच्या दोन्ही वेळी मी गुपचूप मिटवून ठेवला होता. ओल्या बाळंतिणीला घाबरवायचं नाही म्हणून मुलीला विचारलं नव्हतं. पण आता विचारणं भाग होतं, कारण पुढच्या वेळी गोधडीचा तो एक पदर मध्ये असेलच असं नव्हतं. घरात मी, मुलगी आणि बाळ. जावई पुण्याला नोकरीवर. बाहेरून येणाऱ्या फक्त मालिशवाल्या मावशी, सकाळी आठला आणि पुन्हा दुपारी शेक द्यायला.

मुलगी अंघोळीला गेली होती. मावशी बाळाला पायांवर घेऊन तेल चोळत होत्या. मी दार ओढून घेतलं आणि चाकू त्यांच्यासमोर धरला.

"मावशी, हा तुम्ही उघडून ठेवता?"

"मी? मला तर आधी ती तंबाखूची डबी वाटली व्हती." त्या हसल्या. "पण ताई, इतकं महागाचं हत्यार अन् मिटवून ठिवता? मिटलेल्या लोखंडाला कोण भितंय? राखणीला कुत्रं ठिवायचं अन् त्याचं तोंड बांधायचं, तसली गत."

"हे तुम्ही पोरीला सांगितलंत?"

"पाचवीलाच सांगितलं. तुम्ही बी व्हता की तिथं."

होते. ऐकलं असेन, लक्ष दिलं नव्हतं.

"मग तिनेच उघडला असणार."

"तिला जमत नाय. माझ्यासमोर करून बघितलं तिनं, नख मोडलं." मावशींनी बाळाला पालथं केलं. हात थांबला नाही, पण आवाज खाली आला. "ताई, खरं सांगू का? तुम्हीच उघडता. परवा दुपारी मी शेक द्यायला आले, तर तुम्ही हितं वाकून उभ्या. म्या हाक मारली. तुम्ही वळला बी नाय. मला वाटलं, माझ्यावर रागावल्या काय."

परवा दुपारी मी झोपले होते. पहाटे चारला उठते, त्यामुळे जेवणानंतर अर्धा तास पडते. माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर झोपले होते आणि तिथेच जागी झाले होते.

मुलगी केस पुसत आली. मी आडवळण न घेता विचारलं.

"मी इथे येऊन हा चाकू उघडते?"

"हो." तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काय आई, तुला माहीत नाही?"

"काय काय करते ते सांग."

"उशाखालून काढतेस, उघडतेस, परत ठेवतेस. वरून गोधडी सारखी करतेस. मी बोलले तर उत्तर देत नाहीस. मला वाटलं, मावशींचं ऐकून करतेस आणि कबूल करायला लाजतेस. आयुष्यभर या सगळ्याला हसलीस ना."

"डोळे उघडे असतात?"

"असतात. म्हणून तर मला काही वाटलं नाही." ती पलंगावर बसली. टॉवेल हातात तसाच. "एकदाच वाटलं."

"काय?"

"काल दुपारी उघडलास आणि लगेच ठेवला नाहीस. बाळाचं मनगट दोन बोटांत धरून वळवून बघत होतीस. नर्सरीत काडी बघतेस ना, चालेल की नाही, तसं. मग मी त्याला उचलून छातीशी घेतलं, तेव्हा गेलीस."

मावशींचा हात थांबला होता.

मी चाकू मिटवला. खटका दाबावा लागतो, तेवढं लक्ष द्यावं लागतं. तो माझ्या कपाटाच्या आतल्या कप्प्यात कुलपात ठेवला आणि किल्ली मुलीला दिली. मी मागितली तरी द्यायची नाही, असं बजावलं. बाळाच्या उशाशी पानाच्या डब्यातला अडकित्ता ठेवला. दवाखान्यात फोन केला, परवाची वेळ मिळाली. ज्या दोन बागांत कलमं भरायला जायचं होतं, तिथे फोन करून माझ्याशिवाय काम सुरू करायला सांगितलं. दुपारी पडले नाही. खुर्चीत ताठ बसून तीन किलो तांदूळ निवडले. दोनदा माझे हात ताटात थांबलेले दिसले आणि किती वेळ थांबले होते ते सांगता आलं नसतं. मुलगी दर थोड्या वेळाने "आई?" म्हणत होती आणि मी "हं" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तिच्या दारात गेले. तिने कपाकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं.

"आले होते का मी?"

"पहाटे, तुझ्या उठायच्या वेळेआधी."

"अडकित्ता उघडला?"

"नाही. तो बाजूला सारलास. मग बाळाशेजारी हात ठेवून बसलीस. अंगठा चालत होता तुझा. नुसता अंगठा."

कप खाली ठेवून मी तिथूनच जावयाला फोन लावला आणि गाडी घेऊन ताबडतोब निघायला सांगितलं. तो का विचारत होता. म्हटलं, आल्यावर बोलू, दोघांना घेऊन जायचंय. मग मुलीला म्हणाले, "तो येईपर्यंत आतून कडी लाव. नुसतं दार वाजलं तर उघडायचं नाही. मी हाक मारली तरच."

"आणि हाक मारलीस, पण..."

"तर काहीतरी विचार. रात्री जेवायला काय केलं होतं ते विचार. बरोबर उत्तर आलं तर उघड."

तिने दार लावलं, कडी सरकल्याचा आवाज आला. मी बाहेरून खांदा लावून दोनदा ढकलून पाहिलं. कडी पक्की होती.