बेसमधलं मॅन्युअल

दिवाळी झाली की आमचं घर घोड्यावर चढायचं. कवठे महांकाळच्या बाजूला माणसांनाच पाणी मिळायची मारामार, तिथं मेंढरांना कुठलं? म्हणून कृष्णाकाठाकडं निघायचं. घोडं एकच. त्यावर वाकळा, भांडी, मेंढरं कोंडायची जाळी आणि चालता न येणारी कोकरं. ओझं नको म्हणून माझं दप्तर दरवर्षी खाली उतरायचं. शेवटी चुलत्याकडं राहून शिकलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. हे मी छाती पुढं काढून सांगतो.

सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबला नेट नावापुरतं होतं. मी शिकलो ते मशीनमध्येच असलेल्या मॅन्युअलवर, म्हणजे कुठली कमांड कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांवर. कमांडचं नाव टाकायचं, पान उघडायचं, अडखळत इंग्रजी वाचायचं.

आता साताऱ्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात काही जणांबरोबर कॉम्प्युटर चालवणारी लिनक्सची एक सिस्टीम तयार करतो, फुकट वाटायची. गावाकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मीच ती घालून दिलीय. तिथं नेट आजही आलं तर आलं. यंदा ठरलं की बेस, म्हणजे मशीनवर सुरुवातीला आपोआप बसतं तेवढं, हलकं करायचं. वगळायच्या पॅकेजांत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांत, पहिलंच मॅन्युअल.

ऑनलाइन मीटिंगमध्ये आमचा प्रमुख म्हणाला, "ज्याला पाहिजे तो इन्स्टॉल करेल. एका कमांडचं तर काम आहे."

"आणि नेट नसेल तर?"

"फोनवर बघेल."

"अहो, फोनला तरी रेंज कुठनं आणायची?"

"असे असून असून किती जण असतील?"

हे 'किती जण' ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याच मीटिंगमध्ये स्क्रीनवर मागं दिसणारी रंगीत चित्रं बेसमध्ये राहिली. ती मॅन्युअलपेक्षा जड. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मॅन्युअल सांभाळणारा माणूस सोडून गेला होता, आता कोण बघणार म्हटल्यावर कुणीच पुढं आलं नाही.

आई तेव्हा साताऱ्याला माझ्याकडं आलेली, शेजारी शेंगा फोडत बसली होती. "कुणावर वरडतुयास रं एवढा?"

मी सांगितलं, ओझं नको म्हणून कामाची वस्तूच काढून टाकतायत.

"मग तू घे की डोक्यावर. दुसऱ्याच्या घोड्याला का बोल लावतुयास?"

"आये, मला नोकरी हाय."

"आन् मी काय बसून खाल्लं व्हय? मेंढरं काय आपली आपली चालत हुती?"

लय राग आला. पण त्याच रात्री कामाला बसलो. रोजच्या कमांडची पानं वेगळी काढून मी लहान पॅकेज बांधलं आणि कळवलं, हे इथून पुढं मी सांभाळतो. तरी लगेच 'हो' नाहीच. आधी आकार विचारला, मग नाव काय द्यायचं यावर वाद. सांभाळायला कुणी नव्हतं, नाव सुचवायला मात्र सगळे हजर! मी चिडून, दात खाऊन, प्रत्येकाला उत्तर देत राहिलो.

नवी आवृत्ती निघाली. रोजच्या कमांडचं मॅन्युअल बेसमध्ये आहे, आणि गावाकडच्या लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर ते नेट नसताना उघडतं.