उलटी मांजरं

माझ्या धाकट्या बहिणीने उभा जन्म दातांच्या दवाखान्यात दाराशी बसून काढला. कळवळणारे लोक तिच्यावर खेकसायचे, डॉक्टर खेकसायचा, आणि ही सगळ्यांना ‘हो’ म्हणायची. नोकरी संपल्यावर माणसाने स्वस्थ बसावं की नाही? तर हिला स्वतःचे खेळायचे पत्ते काढायची लहर आली. चित्रकलेचा गंध नाही. दवाखान्यातल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मांजरं काढायची, तेवढीच काय ती तयारी.

आम्ही दोघी एकत्र राहतो, त्यामुळे शिक्षा मला. पहिला जोड तिने जाड कागद चिकटवून केला आणि वरून रोगण फासलं. त्या वासाने जेवण घशाखाली उतरेना. पत्ते कसले, फरशाच त्या. बदामाचा लाल रंग बोटांना लागायचा, घाणेरडं दिसायचं. त्यात आकडे पानाच्या मधोमध! मी तिला सांगितलं, पानं हातात पसरून धरली की कोपराच तेवढा दिसतो, तुझी सत्ती मला काय स्वप्नात कळणार? हे तिला सुचलंच नव्हतं. मग छापखाना गाठला. कडेने बारीक रेघ आखून दिली, कापताना पान केसभर सरकलं आणि रेघ एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब. पुन्हा रडारड, पुन्हा छपाई. शेवटी राजाचं नाक बटाट्यासारखं आणि राणी दाढ दुखत असल्यासारखी, पण राजा तो राजा कळावा इतपत जोड झाला. पाठीवर भिंतीवर बसलेलं मांजर.

वाचनालयाच्या माडीवर आम्हा निवृत्तांचं मंडळ रोज रमी खेळतं. पैसे नाहीत, बटणं लावतात. वार्षिक स्पर्धा तोंडावर होती. धाकटीने जोड नेऊन दाखवला. चिटणीस म्हणाले, तोवर रोज याच पत्त्यांनी खेळू. ठीक वाटले तर स्पर्धेलाही हेच आणि पत्त्यांच्या डबीवर तुमचं नाव. धाकटीचं नाव आजवर कशावरही छापलेलं नव्हतं. ती हरखली.

बाकीच्यांनी नाकं मुरडली. तारीफ केली ती एकट्या वकिलाने. हा गृहस्थ सदा अत्तरात बुडालेला, नखं पॉलिश केलेली, हसला की सगळे दात दाखवणार. ‘बाई, काय मांजर काढलंय! जुन्या पत्त्यांना मी आता हात लावणार नाही.’ धाकटी घरी येऊन ते वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकवायची. आणि वकील जिंकत सुटला. बटणांनी त्याचा खिसा फुगायचा.

एके दिवशी ती भाजी चिरताना थांबली आणि म्हणाली, ‘ताई, वकीलसाहेब लबाडी करतात.’

तिला मांजर डोक्यावर उभं राहिलेलं बघवत नाही, म्हणून रोज खेळ संपला की ती सगळी पानं सरळ लावून ठेवायची. दुसऱ्या दिवशी आवरताना काही मांजरं उलटी, आणि उलटी असायची ती नेमकी एक्के, राजे, राण्या. ती पानं हाती आली की वकील गुपचूप फिरवून ठेवायचा. मग गड्डीवर वरचं पान कोणतं येतंय, समोरच्याच्या हातात काय आहे, सगळं त्याला पाठीवरून दिसायचं. नेहमीच्या पत्त्यांची पाठ वरून-खालून सारखी का असते, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या आलं, पहिल्याच दिवशी. तारीफ म्हणून तर चालली होती.

शी! बटणांसाठी! पायजम्याच्या बटणांसाठी म्हातारा माणूस चोरी करतो! मी विचारलं, तुला कळलं कधी? म्हणाली, झाले बरेच दिवस. मग तोंडात काय गुळणी धरली होतीस? ती खाली मान घालून म्हणाली, ‘चांगलं म्हणणारे ते एकटेच होते गं.’ तेव्हा तिचीही मला किळस आली, खोटं कशाला बोलू.

मी वकिलाची हजामत करायला निघाले होते. तिने अडवलं. पत्ते माझे, मीच बोलेन.

दुसऱ्या दिवशी डाव मोडल्यावर तिने गड्डी टेबलावर पसरली, उलटी मांजरं वेगळी काढली आणि एकेक पालथं पान उताणं केलं. एक्का, राणी, राजा, राजा. वकिलाने रुमालाने बोटं पुसली. म्हणाला, ‘म्हणजे दोष पत्त्यांचाच झाला की.’

आणि मंडळी माना डोलवायला लागली! वकील गेला तर रमीला गडी कमी पडणार ना. चिटणिसांनी कपाटातून जुने, घामाने तेलकट झालेले पत्ते काढले. मी उठले. धाकटी बसून राहिली आणि त्याच माणसासमोर तसले बुळबुळीत पत्ते हातात घेऊन खेळली.

घरी मात्र नवी पाठ काढायला बसली. कागद फिरवला तरी तशीच दिसेल अशी वेलबुट्टी. नमुना झाला की सगळ्यांदेखत वकिलापुढे ठेवायची : ‘यात काही सापडतंय का बघा.’ मी कपाळाला हात लावला. पण त्या माणसाची नजर घारीची. वेलीचं एक पान जरा झुकलेलं, एक कळी मोठी, बरोब्बर हुडकून काढायचा, लाज म्हणून नाही. ती घरी येऊन दुरुस्त करायची. शेवटी त्याने नमुना बराच वेळ फिरवून पाहिला, डोळ्यांजवळ नेला, उजेडात धरला आणि तोंड कडू करून म्हणाला, नाही सापडत.

स्पर्धेला तेच पत्ते ठरले. चिटणीस म्हणाले, डबीवर बाईंच्या नावाखाली ‘साहाय्य’ म्हणून वकीलसाहेबांचं नाव घालू, त्यांनी किती कष्ट घेतले. मी तोंड उघडणार, तोच धाकटी म्हणाली, ‘नाही. त्यांची ती उलटी मांजरं. पत्ते माझे.’

सगळ्यात मोठ्याने वकीलच हसला, सगळे दात दाखवून. मग बाकीचेही हसले. चहा आला. त्याने स्वतः कप उचलून तिच्यापुढे केला, अंगठा चहात बुडेल इतका आत. तिने तो कप खिडकीतून कुंडीत ओतला आणि पत्ते पिसायला घेतले.