न वाचता येणारी स्थळं

आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळाच्या वेबसाईटचं नाव काढलं की तोंड कडू होतं. बायको गेली, आता घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे मी. जसं जमेल तसं.

ही मंडळात लग्नाची स्थळं जुळवायची. दर रविवारी सकाळी हॉलमध्ये हिचं टेबल लागायचं. बँकेत, रेल्वेत बदलून आलेली घरं, इथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरं, सगळ्यांची मुलंमुली हिला पाठ. कागद वाचायची, मुलीच्या आईशी चार शब्द बोलायची आणि सांगून टाकायची, ‘हे राहू द्या. त्या देवासवाल्यांकडे विचारा.’ लोक विचारायचे आणि लग्न होऊन जायचं.

शुगरनं डोळे गेले तरी टेबल सोडलं नाही. कागद मी वाचून दाखवायचो. माझा जन्म बस चालवण्यात गेला, वाचलं ते गावांच्या पाट्यांवरचं. अडखळायचो. ही म्हणायची, ‘अहो, तुम्ही गोत्रापर्यंत पोचेस्तोवर मुलाचे केस पिकतील.’

मग अंधशाळेतले एक सर, स्वतः जन्मांध, नानाखेड्याला आमच्या घरी येऊन हिला बोलणारा कंप्यूटर शिकवून गेले. माऊस लागत नाही. बटणं दाबायची आणि पडद्यावरची अक्षरं तो मोठ्यानं वाचतो. मराठीसुद्धा हिंदीच्या चालीत वाचायचा. ही खूश. म्हणे, ‘उज्जैनचाच दिसतो. आपल्यासारखाच बोलतो.’

तेवढ्यात मंडळानं ठरवलं, आता कागद बंद, सगळी स्थळं वेबसाईटवर. टेबलावर बसेल त्यानं कंप्यूटरवर बघून सांगायचं. तेव्हा फ्रीगंजात गल्लोगल्ली कंप्यूटरची दुकानं निघाली होती, टावर चौकातल्या एकाला काम दिलं. ही मला म्हणाली, ‘चला, आता तुमची गरज संपली.’ किती दिवसांनी हसली होती.

नारळ फोडून वेबसाईट सुरू झाली. हिनं घरी उघडली तर आधी सनई. ती बंदच होईना, तिच्या आवाजात मशीनचा आवाज बुडाला. सनई संपल्यावर मशीन बोलायला लागलं. इमेज. इमेज. इमेज. नाव नाही, शिक्षण नाही, गोत्र नाही.

सरांना बोलावलं. त्यांनी बटणं दाबून ऐकलं आणि म्हणाले, ‘काकू, यात अक्षरंच नाहीत. कागदांचे नुसते फोटो टाकलेत. डोळसांना दिसत असेल, आपल्याला भिंत आहे. आणि पुढच्या पानावर जायला माऊसच पाहिजे.’

आम्ही तिघं मंडळात गेलो. सचिव म्हणजे बँकेतून मोठ्या पदावरून रिटायर झालेला माणूस. मी विचारलं, फोटो का टाकले?

‘असं बघा,’ तो म्हणाला, ‘स्थळाच्या कागदाला हळदकुंकू लावलेलं असतं. वर श्री, खाली वडलांच्या हातचं अक्षर. टाइप केलं की त्यातलं पावित्र्य जातं. कार्यकारिणीचा ठराव आहे.’

सर म्हणाले, ‘फोटो राहू द्या. त्याखाली तीच माहिती साध्या अक्षरांत टाका. वेबसाईट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जगात नियम ठरलेत, त्यात हेच सांगितलंय.’

‘सर, ते नियम फॉरेनचे. आपल्या समाजात आंधळे असे किती? आणि मुलगी बघायला येणार ते डोळेवालेच ना?’

असं म्हणून हसला. सरांच्या तोंडावर. बाकीचेही चहा पिता पिता हसले.

ही म्हणाली, ‘भाऊ, टेबलावर मी बसते. तुमच्या मुलीचं स्थळ माझे डोळे गेल्यावरच जुळवलं होतं.’

‘हां तर मी कुठे नाही म्हणतो, वहिनी? भोत केलंत तुम्ही. आता आराम करा.’

‘थकले असं मी सांगितलं का कोणाला?’

तो सरांकडे वळला. टाइप करायला खर्च येईल म्हणाला. समोर वेबसाईट उघडी होती, पडद्यावर सोन्याचा गणपती गोल गोल फिरत होता, त्याच्यावर फुलं पडत होती. त्याला खर्च आला नव्हता वाटतं.

पुढच्या रविवारी टेबलावर सचिवाची सून बसली. हिला महिन्याभरानं सत्काराला बोलावलं. शाल, श्रीफळ, हार. सचिवानं भाषण केलं, वहिनींनी समाजाला दृष्टी दिली वगैरे. मग हिच्या हातात माईक दिला.

ही म्हणाली, ‘मी काम सोडलेलं नाही. मला काढलंय.’

मग पाठीमागून कोणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले. अशी माणसं. त्यांना शिवी दिली तरी ती टाळी वाजवतील, कार्यक्रम आहे ना.

नंतरच्या थंडीत ही गेली. किडनी, असं डॉक्टरनं लिहिलं. असेल. मंडळानं शोकसभा ठेवली, मला आणायला गाडी पाठवली. गाडी मी दारातूनच परत पाठवली.

गेली त्याआधीचे सगळे रविवार ही सकाळी आंघोळ करून इस्त्रीची साडी नेसायची आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायची. कोणी येईल, विचारेल. वेबसाईट झाल्यावर कोण येतं? जेवायची वेळ झाली की उठून साडी बदलायची. ती साडी मी घडी घालून ठेवायचो, पुढच्या रविवारी चालावी म्हणून.